ज्याची पुडी त्याच्या हातात

टॅम्पा, फ्लोरिडा

चि. मृणाल,


तुझी यादी मिळाली. जुलैत सगळे मिळून ऑर्लँडोला येताय, अण्णा आणि माईसुद्धा येताहेत, हे वाचून फार बरं वाटलं. यादीत मात्र दहीभात आहे, बटाट्याची सुकी भाजी, पुऱ्या, लोणचं, श्रीखंड, पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू आहेत. सिंहगडावर किंवा पन्हाळ्याला निघालो असतो तर मी यातला एकही पदार्थ खोडला नसता. तिथे सतरंजी अंथरता येते आणि तासभर कुणी उठवत नाही. डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये खाणं होतं ते उभ्याने, रांगेत, एका हाताने. दुसऱ्या हातात छोटी रेवा असते. म्हणून यादी पुन्हा करूया.

आधी अण्णांची शंका मिटवते. ते खोपोलीच्या इमॅजिकात जाऊन आले आहेत आणि तिथे बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून इथेही अडवतील असं त्यांना वाटतंय. डिस्नेच्या पार्कांत तसं नाही. आपल्यापुरतं खाणं आणि दारू सोडून कुठलंही पेय खुशाल नेता येतं. बाळाच्या खाण्याच्या लहान बरण्या सोडल्या तर काचेचं काही चालत नाही, गरम करावं लागेल किंवा फ्रिजमध्येच ठेवावं लागेल असं काही चालत नाही, आणि उग्र वासाचंही नाही. सुटा बर्फ चालत नाही, पण गोठवलेले आइस पॅक चालतात. शीतपेटी लहानच आण, मोठी परत पाठवतात. लसणाची चटणी उन्हात तापलेल्या पिशवीतून किती दूरवर कळते हे तुला माहीत आहे, तेव्हा ती घरीच राहू दे. स्टीलचे डबेही आणू नकोस. दारावरच्या तपासणीत ते उघडून दाखवावे लागण्याचा संभव असतो, आणि रात्री आतषबाजी होईपर्यंत ते ओझं खांद्यावर कोण वागवणार?

आता मला खरं काय सांगायचंय ते. इथे इतकी वर्षं राहून आपल्या कितीतरी बायका मी या पार्कांत बघते. नवरा, मुलं, दीर, पाहुणे आळीपाळीने राइडवर जाऊन येतात आणि ही बाकावर बसून एकाला पोळी देते, दुसऱ्याच्या हातावर भाजी ठेवते, तिसऱ्याचं तोंड पुसते आणि मग डबे आवरते. तिकीट तिचंही तेवढंच महाग असतं. घरी कुणी न मागता ताटात वाढायची आपल्याला सवय असते आणि ती चांगली सवय आहे. पण त्या दिवशी तू वाढायचं नाहीस. आदल्या रात्रीच प्रत्येकाची वेगळी पिशवी भर, वर नाव लिही आणि सकाळी ज्याची त्याच्या हातात दे. ईशान आठ वर्षांचा आहे. भूक लागली की स्वतःच्या पाठीवरच्या पिशवीतून काढून खाईल आणि रिकामा कागद कचरापेटीत टाकेल. तिथे पेट्या पावलापावलावर आहेत. अनिकेतला तर सांगायचीही गरज नाही. रेवाचं तेवढं तुम्हा दोघांपैकी एकाकडे.

हे जमायचं असेल तर पदार्थही तसेच हवेत. एका हाताने धरता येईल, दोन-तीन घासांत संपेल, बोटांना तेल लागणार नाही, कण सांडणार नाहीत आणि उन्हाने पातळ होणार नाही. चव नंतर बघू. या कसोटीला आपली दशमी उतरते तितकं दुसरं काही उतरत नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर ती उगीच दिली जात नव्हती.

कणीक पाण्याऐवजी दुधात भिजव, चवीपुरतं मीठ आणि थोडं तेलाचं मोहन घाल. चटणी वर भुरभुरायची नाही, कणकेतच मळायची. तिळाची, जवसाची, कमी तिखट शेंगदाण्याची, जी आवडेल ती. मेतकूट घातलंस तरी छान लागतं. चटणी अशी आत गेली की सांडायला काही उरतच नाही आणि बरोबर वेगळी वाटी लागत नाही. दशमी पोळीपेक्षा जरा जाड लाट, मध्यम आचेवर दोन्हीकडून नीट भाज, तेल अगदी बोटभर. आणि मग घाई करू नकोस. सुती कापडावर एकेक सुटी पसरून पूर्ण गार होऊ दे. कोमट असताना गुंडाळलीस तर वाफेचं पाणी आतच राहतं आणि दुपारपर्यंत ती चिकट होते, आंबूसही लागते. गार झाल्यावर घट्ट सुरळी कर, मधोमध काप आणि प्रत्येक अर्ध्या तुकड्याला बटर पेपर असा गुंडाळ की खालचा भाग कागदात राहील आणि वरचा उघडा. मूल कागदाला धरून खातं, बोटं कोरडी राहतात. खाली कागदाचं टोक पिळून टाक, म्हणजे शेवटचा कणही तिथेच अडकतो.

गोडाला गूळपोळी घे. लाटताना कडा नीट दाब, गार झाल्यावर चार तुकडे कर. बेसनाचा लाडू नको, त्या उन्हात तूप सुटून त्याचा भुगा होतो. चिक्कीही नको. फ्लोरिडाच्या दमट हवेत ती पाझरते आणि कागद दाताने सोडवावा लागतो. चॉकलेटचं तर नावच नको. चिवड्याऐवजी छोट्या बाकरवड्या घे, एका घासात तोंडात जाणाऱ्या. मोठी तोडावी लागते आणि आतला मसाला शर्टावर पडतो. तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा माईंचा आग्रह असेल तर जरूर कर. पण तळल्यावर रात्रभर कागदी रुमालांच्या थरांत ठेव आणि सकाळी दुसऱ्या कोरड्या कागदात बांध. राइडवर सगळे एकाच दांड्याला धरतात, आपल्या तेलकट हातांचा त्रास पुढच्याला होऊ नये. फळांत अख्खी लहान सफरचंदं किंवा घरीच सोलून पाकळ्या सुट्या केलेली छोटी संत्री. केळं फक्त रेवासाठी एक, तेही कडक डबीत.

रेवा तीन वर्षांची आहे, म्हणून हे जरा नीट वाच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या आणि अख्खी द्राक्षं इतक्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. चार वर्षांच्या आत ती देऊच नयेत असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. रांगेत चालता-चालता, हसता-हसता खाणाऱ्या मुलाला धोका अधिक. द्राक्षं द्यायचीच तर उभी कापून चार फाका कर. तिच्या पुडीत मऊ दशमीच्या पट्ट्या असू देत, आणि खाताना तिला स्ट्रोलरमध्ये सरळ बसव. ईशानच्या पिशवीतल्या बाकरवड्या तिच्या हाती लागणार नाहीत एवढं त्याला आधीच समजावून सांग. तो समजूतदार आहे.

अण्णांचं मधुमेहाचं तू विचारलंस. दिवसभरात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चालणं होईल आणि जेवणाची वेळ हमखास पुढे जाईल, तेव्हा साखर वाढण्याइतकीच खाली जाण्याचीही काळजी घ्यायला हवी. त्यांच्या पिशवीत दोन तासांनी खायला भाजलेले चणे आणि दशमी ठेव. त्याशिवाय शर्टाच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेव. पिशवीत नकोत, खिशातच. घाम फुटला, हात थरथरायला लागले तर साखर लगेच रक्तात जायला हवी. गूळपोळीत किंवा लाडवात गोड असलं तरी तेल-तुपामुळे ती सावकाश चढते. इन्सुलिन घेत असतील तर ते आइस पॅकला थेट टेकवून ठेवू नकोस, मध्ये कापडाची घडी घाल. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घे.

दहीभाताचा मोह सोड, हे मी हट्टाने सांगतेय. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा इथल्या कृषी खात्याचा नियम आहे. ऑर्लँडोत जुलैची दुपार साधारण ३३ अंशांची असते, आणि बंद पिशवीच्या आत त्याहून अधिक. श्रीखंड, पनीर, मेयोनेझचं सँडविच, उकडलेला बटाटा, सगळं याच हिशेबात येतं. अण्णांना भात हवाच असेल तर संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर ताजा कर.

पाण्याची चिंता करू नकोस. मशीनमधून भरून दिलेलं शीतपेय मिळणाऱ्या कुठल्याही उपाहारगृहाच्या खिडकीवर बर्फ घातलेलं पाणी मागितलंस तर फुकट देतात. इथल्या पाण्याला एक निराळी चव असते आणि मुलं तोंड वाकडं करतात. म्हणून साखर, मीठ आणि लिंबाची पूड एकत्र करून बाटलीच्या मापाच्या छोट्या पुड्या बांधून आण. फळांच्या रसाची दोन पाकिटं आदल्या रात्री गोठवून ठेव. सकाळी ती आइस पॅकचं काम करतात आणि दुपारी प्यायला होतात.

आता दिवस कसा जाईल ते सांगते, म्हणजे कुठली पुडी कधी निघेल याचा तुला अंदाज येईल. गाडी लावल्यावर लगेच पार्क लागत नाही. मोनोरेलने किंवा बोटीने तळ्यापलीकडे जावं लागतं. सकाळच्या घाईत मुलं नीट खाऊन निघालेली नसतात, तेव्हा पहिली दशमी तिथेच, बोटीची वाट बघताना. स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते. ईशान बसेल, रेवा नाही. तिथे रायडर स्विच माग. आधी एकजण ईशानबरोबर जातो, दुसरा रेवाजवळ थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याला जाता येतं. रेवाचं खाणं त्या थांबण्यात उरकतं. अनिकेत आधी जाऊ दे, मग तू जा. जाच.

दुपारी तीन-चारच्या सुमाराला बहुतेक रोज गडगडाटी पाऊस येतो. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड बंद होतात आणि सगळी गर्दी छपराखाली येते. त्या वेळी दुकानांत आणि उपाहारगृहांत पाय ठेवायला जागा नसते, मुलं रडकुंडीला येतात, आणि आपल्या हातातली पुडी तेव्हाच खरी कामाला येते. प्रत्येकाच्या पिशवीत एक पुडी त्या वेळेसाठी राखून ठेव. ऊन वाढलं की अण्णा-माईंना कोलंबिया हार्बर हाउस या उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर बसव. खाली कितीही गर्दी असली तरी वर बहुधा निवांत असतं, आणि गार. खाली एखादं पेय विकत घ्या आणि आपलं खाणं खुशाल खा.

स्ट्रोलर राइडच्या बाहेर ठेवावी लागते. तिच्यात खाण्याची पिशवी उघडी ठेवून जाऊ नका. खारी चेन नसलेल्या पिशवीत सरळ शिरतात. लांब वाकड्या चोचीचे पांढरे आयबिस टेबलांमधून निर्धास्त हिंडतात. रेवाला ते फार आवडतील, पण त्यांना घास देऊ देऊ नकोस. त्यांच्या तब्येतीला ते वाईट, आणि एकाला दिलं की दहा जमतात. खाण्यापूर्वी हात साबणानेच धुवायचे. सॅनिटायझर हाताशी असू दे, पण उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर तो साबणाइतका भरवशाचा नाही. ओले रुमाल आण, एक पाकीट पुरे.

विमानाचं एवढंच की दशम्या, गूळपोळ्या, बाकरवड्या हातातल्या सामानात चालतात. लोणचं, तूप, पीनट बटर, ओली चटणी ही १०० मिलिलिटरच्या वर असली की तपासणीत काढून घेतात, ती मोठ्या बॅगेत टाक. आइस पॅक तपासणीच्या वेळी पूर्ण गोठलेला असायला हवा. डिस्नेऐवजी युनिव्हर्सलच्या पार्कला जायच्या दिवसाचे नियम वेगळे आहेत. तिथे शीतपेटीच्या आकाराचे नियम आणखी कडक आहेत आणि काही मोठ्या राइडवर खिसेसुद्धा रिकामे करून सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. त्या दिवशी कमीत कमी आणा. अण्णा त्या राइडवर जाणार नाहीतच, त्यांच्या गोळ्या खिशातून हलवायचं काम पडणार नाही.

तुमचं विमान रात्री उशिरा पोचतंय. हॉटेलवर येऊन कणीक भिजवत बसू नकोस. पहिल्या दिवसाच्या दशम्या मी करून आणते. आइस पॅक माझ्याकडे आहेत, बटर पेपरही आहे. माईंना तिखट कितपत चालतं आणि ईशानला तिळाची चटणी आवडते की जवसाची, तेवढं रविवारपर्यंत कळव.

अनिकेतला आशीर्वाद, अण्णा-माईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
सुमामावशी