मॉन्ट्रियलचे ऋण

कॅनडा देशातील मॉन्ट्रियल नगरीत १९७६ साली ऑलिंपिक सामने भरले. दोन आठवडे नगरी उत्सवात न्हाऊन निघाली. परंतु भव्य क्रीडांगणाचे बांधकाम अपुरेच होते. त्याचा उंच मनोरा पुरा व्हावयास १९८७ साल उजाडले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. पाहुणे स्वदेशी परतले. ऋण मात्र यजमानांच्या माथी राहिले. ते फेडण्यासाठी क्वेबेक प्रांतात तंबाखूवर खास कर बसवावा लागला. अखेर २००६ साली ते फिटले. सामन्यांच्या वर्षी जन्मलेली बालके तोवर तिशीची झाली होती!

याउलट लॉस एंजेलिस नगरीने १९८४ साली, १९३२ च्या सामन्यांचे जुनेच क्रीडांगण वापरले आणि नफा मिळविला. यजमानपद हा मोठा मान खरा. परंतु तो स्वीकारताना नगरांनीही अंथरूण पाहूनच पाय पसरावेत.