पेंग्विनची घरटी

मुलांनो, आपल्या मोहने गावाजवळून उल्हास नदी वाहते. नदीकाठी तुम्ही सुगरण पक्ष्याची घरटी पाहिली असतील. गवताने विणलेली ती घरटी फांदीला लोंबत असतात. टिटवी मात्र घरटे विणत नाही. ती उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते. अंड्यांचा रंग जमिनीसारखा असतो, म्हणून ती चटकन दिसत नाहीत.

पण जिथे झाड नाही, गवतही नाही, तिथे पक्ष्याने काय करावे? चला, पेंग्विन काय करतात ते पाहू.

एम्परर पेंग्विन अंटार्क्टिकाच्या बर्फावर राहतो. त्याला घरटे नसते. मादी ऐन थंडीच्या दिवसांत एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी समुद्राकडे जाते. नर ते अंडे आपल्या पायांवर ठेवतो. पोटाच्या कातडीची घडी त्यावर पांघरुणासारखी येते. सुमारे ६५ दिवस तो अंडे उबवतो. या काळात तो काहीही खात नाही. अंडे बर्फावर घरंगळले, तर आतला जीव थोड्याच वेळात गोठून मरतो.

अ‍ॅडेली पेंग्विनही अंटार्क्टिकातच राहतो. पण तो उन्हाळ्यात, उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालतो. तिथे बर्फ वितळून पाणी वाहते. म्हणून तो लहान दगड गोळा करून उंचवटा रचतो. त्यामुळे अंडी कोरडी राहतात. दगड इतके मोलाचे, की शेजारी ते चोरूनही नेतात!

पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरील हम्बोल्ट पेंग्विनला थंडीपेक्षा उन्हाची भीती जास्त. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे तिथे जाड थर साचत. त्यात बीळ खणून तो अंडी सावलीत ठेवी. एकोणिसाव्या शतकात माणसांनी हे थर खतासाठी खणून नेले. खताबरोबर पेंग्विनची घरेही गेली. आता अनेक पेंग्विन खडकांच्या कपारीत किंवा उघड्यावर अंडी घालतात. उघड्यावरच्या अंड्यांना ऊन लागते आणि इतर पक्षी ती पळवतात.

हे हम्बोल्ट पेंग्विन तुम्ही पाहू शकता. आंबिवली स्थानकातून लोकलने भायखळ्याला जा. तिथल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच राणीच्या बागेत, २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले गेले. ५ जुलै २०१८ रोजी एका मादीने अंडे घातले. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यातून पिल्लू बाहेर आले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन होते. पण आठवडाभरातच ते दगावले. पुढे २०२१ साली तिथे ओरिओ आणि ऑस्कर ही दोन पिल्ले जन्मली व जगली.

मुलांनो, अंडे जपणे सोपे नसते. नदीकाठी एखादी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तिला दगड मारू नका. थांबा आणि आपल्या पायांजवळ पाहा. तिथेच कुठेतरी तिची अंडी असतील.

स्वाध्याय
१. अ‍ॅडेली पेंग्विन दगड का गोळा करतो?
२. हम्बोल्ट पेंग्विनची घरे कशामुळे गेली?
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या घरट्याविषयी पाच वाक्ये लिहा.