चिक्कीतला गूळ बघ

माणमध्ये शेड घेतलीस, सीएनसी लेथ टाकलास, चाकणच्या हार्ड शाफ्टचं कामही धरलंस. झकास. आता काकाचं थोडं ऐक.

इन्सर्टवाला आला की आधी कडकपणाचा आकडा फेकेल. व्हिकर्समध्ये कार्बाइड 1500 ते 1800, काळं सिरॅमिक 2000च्या आसपास, सीबीएन 3000च्या मागंपुढं. आकड्याला भुलू नकोस. लोणावळ्याची चिक्की आठव. दाणे म्हणजे सीबीएनचे कण, एक-दोन मायक्रॉनचे. गूळ म्हणजे बाइंडर. दाणे 90 टक्के आणि गूळ धातूचा, तो माल बिडासाठी. तुझ्या 60 एचआरसीच्या शाफ्टला दाणे 50-60 टक्केच हवेत, गूळ टायटॅनियम नायट्राइडचा. त्यातून उष्णता कमी वाहते, म्हणून कापायच्या जागी जॉब मऊ पडतो. शिवाय तापलेल्या पोलादाशी त्या गुळाची सोयरीक जुळत नाही. मी एकदा उलटं केलं होतं. जास्त कडक म्हणून 90 टक्केवाला लावला. दुपारपर्यंत धारेमागे खड्डा, अख्ख्या पाळीचा माल रिजेक्ट.

मग हिराच का नको, असं विचारशील. तापला की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. 1957 साली अमेरिकेत वेन्टॉर्फ यांनी घडवलेल्या क्यूबिक बोरॉन नायट्राइडचं, म्हणजेच सीबीएनचं, तसं होत नाही; त्यावर तर आपलं पोट चालतं!

नवा इन्सर्ट नखाला बोथट लागेल. त्याला ऑइलस्टोन लावायला जाऊ नकोस. तो 20 अंशांचा, जेमतेम दशांश मिलिमीटरचा चॅम्फर मुद्दाम दिलेला असतो. तो नसला तर धार पहिल्याच जॉबला उडेल.

शाफ्टला कीवे असेल तर कूलंट बंद. उकळत्या चहाचा काचेचा पेला नळाखाली धरला की काय होतं, ठाऊक आहे ना? होल्डर बाहेर कमीत कमी काढ, थरथर या मालाला सोसत नाही.

चिप लालबुंद फितीसारखी निघाली तर घाबरू नकोस. गार होऊ दे, मग पक्कडीत धरून दाब. चुरा झाला तर स्पीड बरोबर. नुसती वाकली तर थोडा वाढव.

आणि एका कोपऱ्यात किती जॉब निघाले, ते इन्सर्टच्या डबीवर मार्करनं लिहीत जा. पुढच्या वेळी इन्सर्टवाला आकडा सांगायला लागला की ती डबी त्याच्यापुढं ठेव.