निळ्या उजेडात गुलाबी गाठ

प्रश्न : वडिलांच्या मेंदूत ग्लायोमाची गाठ आहे. औषध पाजून निळ्या उजेडात ऑपरेशन करणार म्हणे. हा उजेड गाठ जाळतो का? मग रेडिएशन टळेल ना?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हा उजेड जाळत नाही, फक्त दाखवतो. ग्लायोमा मेंदूत मुळांसारखा पसरतो. साध्या उजेडात त्याची कड निरोगी भागासारखीच दिसते. सर्जनची खरी अडचण तीच. भूल देण्याच्या सुमारे 3 तास आधी पाजलेल्या 5-एएलए औषधामुळे गाठीच्या पेशींत एक रंगद्रव्य साचतं आणि निळ्या उजेडात ते लालसर-गुलाबी चमकतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत असं करून 65 टक्के रुग्णांची एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली; साध्या उजेडात 36 टक्के.

तरी गाठ वेगाने वाढणारी असेल तर रेडिएशन बहुधा लागतंच, कारण न दिसणाऱ्या पेशी उरतात. रेडिएशनची सोय आपल्याकडे शासकीय कर्करोग रुग्णालयात आहे. बोलण्याचं केंद्र शेजारी असेल, तर चमकणारा भागही सर्जन मुद्दाम सोडतात. ते योग्यच. मंद वाढणाऱ्या गाठी मात्र अनेकदा चमकत नाहीत. तिथे ऑपरेशन चालू असतानाची सोनोग्राफी उपयोगी पडते.

5-एएलएऐवजी फ्लुरोसीन हा स्वस्त पर्याय शिरेतून देतात. नंतर लघवी पिवळी झाली तर घाबरू नका. 5-एएलए दिल्यावर मात्र निदान 24 तास वडिलांना ऊन आणि प्रखर दिवे टाळायला सांगा, नाहीतर त्वचा भाजल्यासारखी होते. दुसरं मत हवं असेल तर एमआरआयची सीडी घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलला दाखवता येईल.