‘बघू उद्या’ आणि खोडव्याचे पंधरा दिवस



ऊस तुटून गेला, टोळी पुढच्या फडात गेली, वाढे जनावरांपुढे पडले, की आपल्याला जरा हुश्श वाटते. वर्षाची मेहनत एकदाची काट्यावर पोचलेली असते. अशा वेळी कुणी खोडव्याचा विषय काढला तर तोंडातून सहज निघते, “बघू की उद्या.” हा उद्या किती लांबतो ते पाहायचे असेल तर मार्चमध्ये कोणत्याही शिवारातून एक चक्कर मारावी. बांधाच्या अलीकडे खोडवा एकसारखा, हिरवागार फुटलेला. पलीकडे जात तीच, जमीन तीच, पाणीही त्याच विहिरीचे, पण फुटवा कुठे आहे, कुठे नाही. दोघांत फरक पडला तो बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत.

याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्याने एकदा थंडीतल्या रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजून पाहावे. काम टळते ते अंगचोरपणामुळे कमी, आणि ते डोळ्यांपुढे फार मोठे होऊन उभे राहते म्हणून जास्त. ‘खोडवा करायचा’ असे म्हटले की त्यात पाचट आले, बुडखे आले, खत आले, पाणी, मजूर, पैसा, सगळे एकदम आले. एवढा डोंगर पाहिल्यावर माणूस चहाच्या टपरीकडे वळणारच! म्हणून काम सुटे करून पाहावे.

पहिला दिवस फक्त पाचटाचा. येथेच बहुतेकांची गाडी अडते. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. तो पसारा पाहून वाटते, मजूर मिळाले की बघू. मजूर मिळत नाहीत, आठवडा जातो, आणि मग एका संध्याकाळी काडी लावली जाते. पाचट जाळण्यामागे अज्ञान असते असे आम्हांस वाटत नाही. जाळल्याने तोटा होतो हे आता सर्वांना तोंडपाठ आहे. जाळले जाते ते कंटाळ्याने, आणि काम ताटकळल्याने. खरे तर पाचट शेताबाहेर काढायचेच नसते. बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत लोटायचे, एवढेच काम. ते सरीत दाबून बसवावे. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. जे जळून धूर होणार होते ते जागच्या जागी कुजते, ओल धरते, तणही कमी येते. ठिबकच्या नळ्या आणि शेजाऱ्याचा उभा ऊस वाचतो तो वेगळाच.

आता प्रश्न असा, की हे ठरवायचे केव्हा? टोळी गेल्यावर नव्हे. दमलेल्या माणसाने, समोर पसारा दिसत असताना घेतलेला निर्णय काडीच्याच बाजूने जातो. आपल्या रानात पाचट जाळायचे नाही, हे घरात एकदाच बोलून ठेवावे; दर साल त्यावर नवी बैठक नको. असे ठरलेल्या घरात त्या दिवशी विचार करायला काही उरतच नाही, दोन माणसे आणि एक काठी घेऊन कामाला लागायचे.

दुसरे काम बुडख्यांचे. धारदार कोयत्याने ते जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून येतो आणि जोमदार येतो. वर राहिलेल्या कांड्यांवरचे फुटवे दिसायला लवकर दिसतात, पण तग धरत नाहीत. सगळे रान एका दिवशी होणार नाही म्हणून कामच थांबविणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सकाळी चार सऱ्या धराव्यात. चार झाल्या की पाचवी आपोआप धरली जाते, हा अनुभव कोणत्याही बाईमाणसाला विचारा. खुरपणीला पहिली पात लागेपर्यंतच जड असते.

तिसरे खताचे. खोडव्याला शिफारशीच्या मात्रेपैकी निम्मे रासायनिक खत तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत आणि उरलेले निम्मे १३५ दिवसांनी द्यावे, अशी पहारीची पद्धत आहे. वाफशावर, सरीच्या एका बाजूला, बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर पहारीने १५ ते २० सें.मी. खोल भोक घ्यायचे, त्यात खत टाकून मातीने बुजवायचे. दोन भोकांत एक फूट अंतर. दुसरा हप्ता सरीच्या दुसऱ्या बाजूला. यात चुकते ते तारखांचे. ऊस तुटला त्याच दिवशी दोन्ही तारखा दिनदर्शिकेवर लिहून टाकाव्यात. समजा १० जानेवारीला तोड झाली, तर पहिली तारीख २५ जानेवारी, दुसरी २५ मे. पेन हातात घ्यायला अर्धा मिनिट लागतो. ‘लक्षात आहे माझ्या’ म्हणणाऱ्यांचा दुसरा हप्ता बहुधा पावसात सापडतो.

पारावर मात्र खताचा विषय निघाला की पाच जणांची सहा मते असतात. कुणी म्हणतो अमुक दाणेदार, कुणी म्हणतो तमुक कंपनीचे द्रावण. ऐकावे सगळ्यांचे, गप्पांना हरकत नाही. परंतु त्या गप्पांपायी तारीख हुकता कामा नये. शिफारस आहे ती धरून चालावे, आणि नव्याची हौस असेल तर ती दोन सऱ्यांवर करून पाहावी. दोन सऱ्यांत काय होते ते दिसेलच.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. थांबणे म्हणजे प्रत्येक वेळी टाळणे नव्हे. वाफसा नसताना पहार घेऊन उतरणारा हुशार नव्हे. पण वाफशाची वाट पाहणारा रोज सकाळी रानात जाऊन मूठभर माती दाबून बघतो. जो बघायलाही जात नाही, त्याचा वाफसा निघून गेलेला असतो.

माती परीक्षणाचेही तसेच. ज्यांना यंदा खोडवा मोडून पुढे नवी लागण करायची आहे, त्यांनी खत टाकण्याआधी हे उरकावे. प्रयोगशाळा, फी, अहवाल हे सगळे आजच डोक्यात आणू नये. आज फक्त खोरे आणि घमेले घेऊन जावे. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा ३० सें.मी. खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजूची माती खरवडून घ्यावी. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाणथळ जागा सोडावी. माती एकत्र कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून, नाव व गट नंबराची चिठ्ठी घालून कापडी पिशवीत भरावी. भरलेली पिशवी कुणी घरात ठेवून घेत नाही, ती पुढे जातेच.

शेवटी एक काम असे, की ज्याला हंगाम नाही आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त राहून जाते. ते म्हणजे आपल्या शेअरवरचे वारसनामांकन. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग किंवा हितसंबंध त्याने नेमलेल्या व्यक्तीकडे हस्तांतरित केला जातो. कुणालाच नेमलेले नसेल तर वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी कोण, हे पाहावे लागते. मग मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, भावाबहिणींची संमती अशी एकेक पायरी सुरू होते, आणि ती चढते कोण? घरची बाई. दुःखाचे दिवस अजून ओले असतात, फडात ऊस उभा असतो, आणि ती तालुक्याच्या गावी खिडकीपुढे उभी असते.

हे काम का टळते हेही उघड आहे. जिवंतपणी असले अभद्र कशाला, असे वाटते. शिवाय नाव थोरल्याचे घालायचे की धाकट्याचे, की मालकिणीचे, हा पेच. पण केलेले नामांकन पुढे बदलता येते. आणि नाव लागले म्हणजे तोच एकटा मालक झाला असेही नाही. वारसांचे हक्क वारसा कायद्याने ठरतात, ते नामांकनाने पुसले जात नाहीत. जो निर्णय उद्या बदलता येतो त्यासाठी दहा वर्षे विचार करीत बसण्याचे कारण नाही. रात्री जेवताना घरात विषय काढावा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरावा.

ज्यांनी पूर्वी आईचे किंवा वडिलांचे नाव दिले होते व ते आता हयात नाहीत, त्यांचे नामांकन असून नसल्यासारखे आहे. त्यांनी नव्याने अर्ज द्यावा. माती नमुन्याची पिशवी घेऊन गट कार्यालयात याल तेव्हाच शेअर दाखला सोबत आणावा आणि आपल्या नावापुढे कुणाचे नाव लागले आहे ते विचारून घ्यावे.