आठ जण, तीन दिवस आणि मालवणचं ताट

प्रश्न : आम्ही हदगावचे आठ जण खास खाण्यापिण्यासाठी तीन दिवस कोकणात जाणार आहोत. दोघे शाकाहारी आहेत. कुठे आणि कधी जावं?

उत्तर : मालवणला जा, डिसेंबर-जानेवारीत. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताजा मासा मिळणं अवघड. पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळ गाठा. पुढे मालवण तीसेक किलोमीटर. रोज मुक्काम हलवू नका. आठ जण घरगुती खानावळीत एका पंगतीला बसतात, हेच छोट्या गटाचं सुख. जेवण मात्र सकाळीच सांगून ठेवा.

पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर जरूर बघा. दोन्ही दोरांना माणसांची रांग, पाय वाळूत रुतलेले, आणि जाळं वर आलं की चमचमणारे बांगडे. दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मागवा. शाकाहारींनी हिरमुसू नये: वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, शिवाय नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. शिरवाळ्यांसाठी तर मी वाट वाकडी करते. सोलकढी कोकमाच्या आगळाची आणि नारळाच्या ताज्या दुधाचीच हवी, हे आधीच विचारून घ्या.