हत्यार विकायचं, तर धन्याच्या हयातीत

घरात परवान्याची बंदूक, रायफल किंवा रिव्हॉल्व्हर आहे आणि परवानाधारकाने सत्तरी ओलांडली आहे, अशा प्रत्येक कुटुंबासाठी हे लिहिते आहे. आमचं घर जयपूरच्या राजा पार्कात, पंचवटी सर्कलच्या अलीकडे. सासऱ्यांनी नोकरीच्या काळात शौकाने आणि निगुतीने तीन हत्यारं जमवली: बर्मिंगहॅमची बारा बोरची दुनळी, ईशापूरच्या कारखान्यातली .315 बोरची रायफल आणि कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर. वडिलांकडून आलेली एक ठासणीची बंदूकही होती. दर रविवारी नळ्या पुसायच्या, तेल द्यायचं, काडतुसं मोजून वहीत नोंदवायची, हा त्यांचा नेम. या हत्यारांची विल्हेवाट लावताना आम्ही जे शिकलो, ते फार कमी लोकांना माहीत असतं, आणि माहिती नसल्यामुळे होणारं नुकसान मोठं असतं.

डिसेंबर 2019मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. 1983पासून एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत होती, ती मर्यादा दोनवर आली. जास्तीचं हत्यार वर्षभरात, म्हणजे 13 डिसेंबर 2020पर्यंत, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. ते वर्ष टाळेबंदीचं. देशभरातले तीन हत्यारंवाले एकाच वेळी एकेक हत्यार काढायला निघाले, आणि दुसरं हत्यार घेण्याची मुभा असलेले मात्र थोडेच. सासऱ्यांनी रायफल काढायचं ठरवलं. ज्या विक्रेत्याकडे गेलो त्याने ती धड पाहिलीही नाही. ‘आता सगळेच विकतायत, ठेवून जा, गिऱ्हाईक आलं तर बघू,’ एवढंच तो म्हणाला. शेवटी मिळालेला पैसा तिच्या योग्यतेच्या जवळपासही नव्हता. रायफलीत खोट नव्हती. आमच्या हातात वेळ उरला नव्हता आणि समोरच्याला ते ठाऊक होतं.

याहून वाईट गोष्ट ओळखीच्या एका कुटुंबात घडली. गृहस्थ गेले, मुलं पुण्यात आणि परदेशात. हत्यारं नियमाप्रमाणे जमा झाली, पण पावतीवर नुसतं ‘एक बंदूक, एक पिस्तूल’. कंपनी, क्रमांक, स्थिती, कशाचीच नोंद नाही. वारसांची कागदपत्रं जुळेपर्यंत दोन पावसाळे उलटले. नळीला आतून गंज चढला, दस्ता फुगून तडकला. मुलांनी अखेर मिळेल त्या किमतीला मोकळं केलं.

दोन्ही ठिकाणी वस्तू उत्तम होत्या आणि किंमत पडली ती घाईमुळे. भारतात हत्याराचा खरेदीदार वाटेल तो माणूस होऊ शकत नाही. त्याच्याकडे परवाना हवा, त्या परवान्यात जागा रिकामी हवी, बोर जुळायला हवी आणि खरेदीची मुदत चालू हवी. असा माणूस भेटायला महिने लागतात. म्हणून रास्त किमतीसाठी सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे सवड, आणि ती फक्त धन्याच्या हयातीत, त्याची सही चालते तोवर असते. उरलेल्या हत्यारांसाठी आम्ही सासऱ्यांना शेजारी बसवून जी आखणी केली, ती अशी.

पहिलं काम यादीचं. प्रत्येक हत्याराची कंपनी, बोर, अनुक्रमांक, नळीवरचे चाचणीचे शिक्के, खरेदीची पावती आणि परवान्यावरची नोंद एका कागदावर आणा. परवान्यावरचा क्रमांक आणि लोखंडावर कोरलेला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या हस्तलिखित परवान्यांत 3 आणि 8 यांची गल्लत सहज होते, आणि ती दुरुस्त करायला मूळ परवानाधारक हजर असला तर काम सोपं जातं. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक, म्हणजे यूआयएन, पडला आहे ना, हेही पाहून घ्या. कोणी परदेशातून परतताना सामानात हत्यार आणलं असेल, तर त्यावर विक्रीबंदीची अट असू शकते. परवान्यावरचे शेरे नीट वाचा.

दुसरं, वर्गवारी. .303 किंवा 9 मिलिमीटरसारखी लष्करी बोर प्रतिबंधित गटात मोडते. तिचे परवाने केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्यामुळे गिऱ्हाईक अगदीच मोजकं. .315, .32, .22 आणि बारा बोर यांना तुलनेने मोकळा बाजार आहे. 1980च्या दशकापासून खासगी वापरासाठी विदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या जुन्या इंग्रजी किंवा जर्मन हत्याराला इथे जो भाव येतो, तो परदेशी दरपत्रकावरून कळत नाही. कानपूर-ईशापूरचा माल मात्र कारखान्याच्या चालू दराशीच ताडला जातो.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. जयपूरच्या सिटी पॅलेसमधला सिलेहखाना, म्हणजे शस्त्रागार, पाहून आलेल्या माणसाला आपल्या घरातली जुनी बंदूकही राजवाड्यातली वाटू लागते. कागद नसेल तर त्या वाटण्याला बाजारात मोल नाही. उदयपूरकडे कोफ्तगिरीचे, म्हणजे लोखंडावर सोन्याची तार ठोकून नक्षी करणारे, कारागीर आजही काम करतात, तेव्हा सोन्याची तार दिसली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. खरोखर शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून लंडनच्या लिलावातले आकडे मनातून काढून टाका. आणि ‘जुनी आहे, परवाना कशाला’ हा समज फार धोक्याचा. कायद्यातली सूट, दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच जुनाट हत्याराला आहे. तो निर्णय घरी घ्यायचा नसतो. पोलिसांकडून लेखी घ्या.

तिसरं, किंमत. सगळा संच एका गठ्ठ्यात कधीही देऊ नका. गठ्ठ्याचा भाव करताना विक्रेता त्यातल्या सर्वांत साध्या हत्यारावर बोट ठेवतो आणि उत्तम हत्यार त्याला फुकटात पडतं. प्रत्येक नगाचा वेगळा, लेखी अंदाज घ्या. एक जयपुरातून, एक परगावाहून. जगतपुऱ्याच्या शूटिंग रेंजवर नियमित जाणारे नेमबाज आणि तिथले जाणते कारागीर यांचं मत विक्रेत्याइतकंच मोलाचं, कारण वापरणारा माणूस काय शोधतो ते त्यांना ठाऊक असतं. विकण्याआधी नळीला नवं पॉलिश चढवू नका, दस्ता घासू नका. मूळ रंग, मूळ पेटी, गज, जुनी पावती यांनीच किंमत चढते. इंग्रजी दुनळीचे शिक्के जाणकाराला दाखवा. काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत आजचं काडतूस घालणं जिवावर बेतू शकतं, आणि खरेदीदाराला हे सांगणं आपलं कर्तव्य आहे.

चौथं, गिऱ्हाइकाची पारख. राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने 2017मध्ये जम्मू-काश्मीरमधून निघालेल्या बनावट परवान्यांचं मोठं जाळं उघडकीला आणलं होतं. परवान्याची झेरॉक्स पाहून समाधान मानू नका. ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथून खातरजमा करा. खरेदीदार परराज्यातला असेल तर हत्यार नेण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची चौकशी आधीच करा. समाजमाध्यमांवर फोटो आणि पत्ता टाकून जाहिरात तर मुळीच नको. घरात हत्यार आहे हे गावभर सांगणं म्हणजे चोराला बोलावणं.

पाचवं, कायद्याची वाट. खासगी माणसाने हत्यार विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाणेदाराला लेखी कळवावं लागतं. त्यात खरेदीदाराचं नाव-पत्ता द्यायचा, आणि कळवल्यावर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी विसार आला तरी हत्यार हातातून सोडायचं नाही. काडतुसांनाही हाच नियम. जयपुरात 2011पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे परवान्याचं काम तिथल्या शाखेत चालतं. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. पैसे बँकेतूनच. आणि व्यवहार झाल्यावर आपल्या परवान्यावरून ती नोंद कमी झाल्याखेरीज काम संपलं असं समजू नका. उद्या त्या हत्याराने काही घडलं तर पोलीस आधी कागदावरच्या मालकाकडे येतात. हेही ध्यानात ठेवा की निवडणुकीच्या काळात हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात आणि शाखेतली कामं रेंगाळतात. आखणी त्या हिशेबाने करा.

सहावं, वारस. 2016च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे राहिलं, की तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसालाही दोनचीच मर्यादा लागू आहे. मुलांना खरोखर हवं आहे का, हे तोंडावर विचारा. माझ्या यजमानांनी दुनळी ठेवायची इच्छा सांगितली, रिव्हॉल्व्हर नको म्हणाले. सासऱ्यांना वाईट वाटलं, पण निर्णय त्यांच्यासमोर झाला. रिव्हॉल्व्हरला सावकाश शोधून योग्य गिऱ्हाईक मिळालं आणि अंदाजाच्या वरच्या टोकाची किंमत आली.

परवानाधारक अचानक गेलाच, तर हत्यार घरात ठेवून वाट पाहू नका. विनाविलंब जमा करा, पण पावतीवर कंपनी, क्रमांक, स्थिती लिहून घ्या, फोटो काढा, तेल देऊनच द्या आणि ठेवणावळ किती ते आधी ठरवा. जमा केलेलं हत्यार पात्र माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क कायदा देतो. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं, म्हणून मुदत लेखी विचारा.

ज्यांच्या घरात असा संग्रह आहे त्यांना कळकळीने सांगते: वडीलधाऱ्यांशी हे बोलणं अशुभ मानू नका. त्यांनी आयुष्यभर जपलेल्या वस्तूची पारख त्यांच्याइतकी कोणालाच नसते. या महिन्यातच त्यांच्याजवळ बसून यादी करा आणि त्यावर त्यांची सही घ्या.